पेणचे घरतसाहेब

पेणमधल्या एका साडीच्या दुकानात मी साडेसहा हजार रुपये खर्च केले आहेत, ही बातमी मला पोस्टानं कळली.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. धाटावच्या कारखान्यातली सकाळची शिफ्ट संपवून मी रोह्याला घरी आलो होतो, हातपाय धुतले होते, आणि चहा येईपर्यंत काहीतरी वाचायला हवं म्हणून मुंबईच्या बँकेचा लिफाफा फोडला होता. आत क्रेडिट कार्डाचं बिल. वर माझं नाव, महिपती कान्हू घरत, एकही चूक नाही. खाली पेणचं साडीचं दुकान. मग पेणचं चपलांचं दुकान. मग पेणचाच एक फोटो स्टुडिओ, पनवेलचा एक शिंपी, आणि वडखळजवळ हायवेवरचं एक हॉटेल. तिथे मी एका बैठकीत दोन हजार आठशे रुपयांचं जेवलो होतो. सगळं मिळून अठरा हजारांच्या वर. तेव्हा माझ्या हातात पगार साडेआठ हजार येत असे.

चहा घेऊन आलेल्या शकूनं माझं तोंड बघितलं आणि कप खाली ठेवून विचारलं, "कोण गेलं?"

मी बिल तिच्या हातात दिलं. तिनं ते दोनदा वाचलं, कमरेच्या किल्ल्या काढल्या आणि सरळ आत जाऊन गोदरेजचं कपाट उघडलं. लॉकरमध्ये, तिच्या पाटल्यांच्या खाली, माझ्या रुमालात गुंडाळलेलं ते कार्ड जसंच्या तसं होतं. वर्षभरापूर्वी ठेवलं तेव्हापासून ते हललंसुद्धा नव्हतं. रुमालाची घडीही तीच.

खरा धक्का तिथे बसला. कार्ड हरवलं असतं तर मी समजू शकलो असतो. माझी छत्री दर वर्षी हरवते, त्याचं मला काही वाटत नाही. पण वस्तू कपाटात आणि तिचे पराक्रम पेणमध्ये, हे माझ्या बुद्धीच्या पलीकडचं होतं. मी कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. एक नमुना एकाच वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही, हे मी रोज सही करून लिहून देतो.

आता हे कार्ड माझ्याकडे आलं कसं, ते सांगायला हवं. आमच्या कॅन्टीनमध्ये एक दिवस मिथुन नावाचा एजंट आला. उंच, गोरा, आणि मे महिन्यात धाटावच्या हवेत टाय लावलेला. आमच्याकडे टाय फक्त जनरल मॅनेजर लावतात, तेही परदेशी पाहुणे यायचे असले तर. त्यामुळे पोरगं काहीतरी मोठं घेऊन आलंय असं सगळ्यांनाच वाटलं. तो म्हणाला, "साहेब, खिशात पैसे नसले तरी हे कार्ड दाखवून सामान नेता येतं." मी म्हटलं, ही सोय आमचा वाणी कार्डाशिवाय देतो. सगळे हसले. पण मग डेप्युटी मॅनेजरांनी फॉर्म घेतला, आणि त्यांनी घेतल्यावर मी न घेणं बरं दिसलं नसतं. माझं अक्षर बघून मिथुन म्हणाला, "राहू द्या साहेब, मी भरतो." मी सांगत गेलो, तो लिहीत गेला. नाव, हुद्दा, वडिलांचं नाव, शिक्षण. इतक्या आस्थेनं माझी चौकशी माझ्या लग्नानंतर कुणी केली नव्हती.

महिन्याभरानं त्यानंच कार्ड आणून दिलं. ते रोह्यात कुठेच चालत नव्हतं. एकदा हौसेनं वाण्याला दाखवलं, तर त्यानं ते उलटसुलट केलं आणि लॅमिनेशन कुठे करून घेतलं म्हणून विचारलं. तेव्हापासून कार्ड कपाटात.

शकू पुन्हा बिल वाचत होती. साडीचं दुकान, चपलांचं दुकान, फोटो स्टुडिओ. हे सगळं वाचून कुठल्याही बायकोच्या मनात काय येईल, ते मला दिसत होतं. मी घाईघाईनं म्हटलं, "शकू, तू समजतेस तसं काही नाही."

"मी काय समजते?"

"म्हणजे कुणी बाईबिई."

तिनं माझ्याकडे नीट, खालपासून वरपर्यंत बघितलं. "छे," ती म्हणाली. "तुमच्याच्यानं ते व्हायचं नाही. साडेसहा हजारांची साडी? लग्नाला बावीस वर्षं झाली, मला तुमच्याबद्दल काय ठाऊक नाही? दुसरंच कोणीतरी आहे हे."

नवऱ्यावर एवढा विश्वास ठेवणारी बायको मिळायला भाग्य लागतं, असं लोक म्हणतात. त्या संध्याकाळी मला काही ते भाग्य वाटलं नाही.

बातमी शेजारी जायला वेळ लागला नाही, कारण आमची आणि गुणाजीकाकांची भिंत एक आहे. गुणाजीकाका एसटीत कंट्रोलर होते. निवृत्त झाले तरी कुठलीही गोष्ट कुठून सुटली आणि कुठे थांबली हे शोधायची त्यांची सवय गेली नव्हती. त्यांनी कार्ड मागून घेतलं, दिव्याखाली धरलं, वास घेतला.

"झेरॉक्स काढलीय कोनीतरी," ते म्हणाले.

"प्लास्टिकची झेरॉक्स?"

"आता समदी निघते. तू असं कर, याला भोक पाड. म्हंजे तिकडची झेरॉक्सपन बाद होईल."

मी भोक पाडलं नाही, पण त्या रात्री कार्ड लॉकरमधून काढून तांदळाच्या डब्यात ठेवलं. का, ते विचारू नका. माणूस हादरला की काहीतरी हलवाहलव करतो.

सोमवारी मी रजा टाकली आणि बाजारातल्या एसटीडी बूथमधून मुंबईला बँकेत फोन लावला. माझ्यामागे चारपाच माणसं रांगेत. समोर मीटरचे लाल आकडे पळतायत. आधी संगीत लागलं. परगावच्या दरानं मी ते संगीत बत्तीस रुपयांचं ऐकलं. मग एक मुलगी गोड आवाजात आली, माझं नाव विचारलं, कार्डाचा नंबर विचारला, आणि म्हणाली, "खात्रीसाठी सर, तुमच्या आईचं माहेरचं आडनाव सांगा."

"म्हात्रे," मी म्हणालो.

"सॉरी सर, जुळत नाही."

"काय जुळत नाही?"

"तुमच्या आईचं आडनाव."

मी म्हटलं, बाई, माझी आई आहे. माझा मामा अजून शहाबाजला राहतो आणि तो म्हात्रेच आहे. ती म्हणाली, आमच्याकडे वेगळं आहे. मी म्हटलं, मग तुमच्याकडे काय आहे ते सांगा, मी आईला विचारतो. ती म्हणाली, ते सांगता येत नाही, ते गुप्त असतं. तोवर मागच्या रांगेनं यात लक्ष घातलं होतं. एकानं सुचवलं, "पाटील सांगा, पाटील लागतंच." मी पाटील सांगितलं. नाही जुळलं. दुसऱ्यानं ठाकूर सुचवलं. तेही नाही. तीन चुका झाल्यावर मुलीचा आवाज एकदम सरकारी झाला. "सर, मी फक्त मिस्टर घरत यांच्याशीच बोलू शकते," ती म्हणाली आणि फोन ठेवला. रोह्याच्या भर बाजारात, चारपाच माणसांदेखत, मी माझ्या आईच्या बाबतीत नापास झालो.

तिथून आमच्या ओळखीचे हवालदार शिवा भगत यांच्या घरी गेलो. माणूस शांत. त्यांनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चोरीला काय गेलं?"

"तसं काही गेलं नाही."

"कार्ड?"

"कार्ड घरी आहे. तांदळात."

"पैसे?"

"पैसे अजून दिले नाहीत. पण मागतायत."

त्यांनी माझा कप पुन्हा भरला. "घरतसाहेब," शेवटी म्हणाले, "माझ्या नोकरीत माल गेला आणि चोर राहिला असं झालंय, चोर गेला आणि माल राहिला असं पण झालंय. हितं तर मालपन आलाय कुणाकडं तरी, आन चोर म्हणून नाव तुमचंच. तुमी आधी बँकेला लिहा. पावत्या मागवा. काय हाताला लागलं की मला सांगा, पेणला माझी मानसं हायत."

मी बँकेला रजिस्टर पत्र लिहिलं. कधी नव्हे इतक्या कडक भाषेत लिहिलं. मी एक जबाबदार अधिकारी असून माझ्या नावावर चाललेल्या या प्रकारानं मला तीव्र धक्का बसला आहे, वगैरे. खाली ठसठशीत सही केली. पंधरवड्यानं उत्तर आलं. दुकानांतल्या पावत्यांच्या नकला जोडल्या होत्या आणि बरोबर चार ओळी होत्या. पावत्यांवरची सही आमच्या दफ्तरातल्या श्री. घरत यांच्या सहीशी तंतोतंत जुळते. आपल्या पत्रावरची सही मात्र जुळत नाही. तरी कृपया श्री. घरत यांनी स्वतः पत्र लिहावे.

मी ते पत्र घेऊन ओटीवर किती वेळ बसलो होतो कोण जाणे. मला सारखं वाटत होतं की मी आरशासमोर जाऊन एकदा बघून यावं. गुणाजीकाकांनी पावत्या बघितल्या आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "सही झ्याक हाय रे. तुझ्यापेक्षा चांगली." होतीच. म ला मोठा वळसा, घरतच्या त खाली दोन टिंबं. अशी सही माझी असती तर मी कधीच डेप्युटी मॅनेजर झालो असतो.

शकूनं मात्र नकला हातात घेतल्या आणि पदर खोचला. "तुम्ही बँकेला लिहीत बसा," ती म्हणाली. "मी पेणला चालले. दुकानाला पाय फुटत नाहीत. ज्यानं साडी विकली त्यानं माणूस बघितलाच असेल."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीनं पेणला उतरलो. साडीचं दुकान बाजारपेठेत, ऐसपैस गादी घातलेलं. मालकानं शकूसमोर साड्या टाकायला सुरुवात केली, तेव्हा तिनं पावती पुढे केली आणि हे गिऱ्हाईक आठवतं का म्हणून विचारलं. मालकाचा चेहरा खुलला.

"घरतसाहेब? वा. आठवतात म्हणजे काय. धाटावला मोठ्या हुद्द्यावर आहेत. इतका सज्जन माणूस नाही बघितला. साडी दाखवली, घेतली. भाव म्हणून केला नाही. वर चहा पाजला तर आभार मानले. आमच्याकडे कार्डाचं मशीन नवीन, आम्हाला वापरता येईना, तर त्यांनीच शिकवलं."

मी पुढे झालो. शक्य तेवढ्या शांतपणे म्हणालो, "मी महिपती घरत."

मालकानं माझ्याकडे बघितलं. माझं टक्कल, माझा बुशशर्ट, बगलेतली रेक्झिनची पिशवी. मग शकूकडे सहानुभूतीनं बघून हळूच म्हणाला, "असतील. एका नावाची दोन माणसं असतात."

"धाटावला कंपनीत मीच आहे."

"हो हो. पण ते साहेब आहेत."

माझा अपमान झाला, यात मला नवीन काही नव्हतं. पण माझा अपमान माझ्याच तुलनेत झाला होता, आणि तो कुठे ठेवावा हे कळेना. शकूनं मला कोपरानं मागे सारलं आणि साडी कुणासाठी होती ते विचारलं. मालक म्हणाला, साडी नव्हे, शालू. साखरपुड्याचा. वडखळच्या आत खाडीकडे हिरामण ठाकूर म्हणून मिठागरवाले आहेत, त्यांची मुलगी घरतसाहेबांना दिली. तुळशीच्या लग्नानंतर लग्न आहे.

शकूनं माझा दंड धरला. बिल, बँक, सही, आडनाव, सगळं त्या एका वाक्यासरशी मागे पडलं. कुणीतरी माझं नाव लावून एका मुलीशी लग्न करायला निघाला होता.

"चला," शकू म्हणाली. तिथून स्टँडपर्यंत ती माझ्या दहा पावलं पुढे चालत होती.

वडखळला उतरून आम्ही सहा आसनी रिक्षा केली. हिरामण ठाकुरांचं घर लांबूनच दिसलं, कारण पुढच्या भिंतीला रंग देणं चालू होतं. हिरामणभाऊ स्वतः झोपाळ्यावर. पिळदार म्हातारा, अंगात बंडी. मी पायरीवरूनच म्हटलं, "मी धाटावहून आलो. घरत." हे माझं चुकलं.

"घरत?" ते ताडकन उठले. "जावायबापूंचं कोन तुमी? चुलतं काय? या या, बसा. रंभे, पानी आन गो. पाव्हनं आलं जावायाकडचं."

काही सांगायच्या आत आमच्या हातात पाण्याचे तांबे आले, मग पोहे आले, मग चहा. शकूला हिरामणभाऊंच्या बायकोनं, रंभाबाईंनी, आत नेलं. मी तोंड उघडायचो आणि हिरामणभाऊ जावयाचं कौतुक सुरू करायचे. बीएस्सी झालेला. बापाचं नाव कान्हू, बिचारा लवकर गेला. स्वतःच्या हिमतीवर शिकला. धाटावला डेप्युटी मॅनेजर. मी ऐकत राहिलो. माझंच आयुष्य होतं ते, फक्त शेवटाला थोडं सुधारून घेतलेलं.

"पन मी आंधला इश्वास नाय ठेवला," हिरामणभाऊ म्हणाले. "पोरीचा मामला हाय. कंपनीत फोन लावला मी, गुपचूप. म्हटलं घरतसायबांना द्या. फोनवर इचारलं, तुमी महिपती घरत काय? म्हनले व्हय. बीएस्सी? व्हय. दारू, इडी? म्हनले नाय. बाप काय करीत व्हता? म्हनले शेती. समदं जुललं. आवाज जरा जाड आला, सर्दी असंल."

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. तो फोन मला आठवला. लॅबमध्ये घाईच्या वेळी आला होता, आणि कुणीतरी विम्यासाठी चौकशी करतंय असं समजून मी सगळी खरी उत्तरं दिली होती. त्या माणसानं मला विचारलं नाही ते एवढंच, की तुमचं लग्न झालंय का.

"हिरामणभाऊ," मी म्हणालो. माझ्या शिक्षणानं झाकलेली घरची बोली आपोआप तोंडात आली. "त्यो फोन मीच घेतला व्हता. महिपती घरत मीच हाय. तुमच्या जावायाला मी वलखत नाय."

म्हातारा हसला नाही की रागावला नाही. झोपाळा पायानं थांबवला आणि माझ्याकडे बघत राहिला. आतून शकू बाहेर आली, तिच्यामागे रंभाबाई पदर तोंडाला लावून, आणि त्यांच्यामागे एक पंचवीसेक वर्षांची मुलगी. ती अनिता. वडखळच्या शाळेत शिकवायची. आत शकूनं आडपडदा न ठेवता सगळं सांगून टाकलं होतं, हे तिघींच्या चेहऱ्यांवरून कळत होतं.

अनितानं मला विचारलं, "तुमच्या कंपनीत काय बनतं?"

माझ्या आयुष्यात हा प्रश्न मला कुणी मनापासून विचारला नव्हता. मी सांगायला लागलो. कापडाच्या रंगासाठी लागणारी पावडर, तिचे तीन प्रकार, ओलावा किती चालतो, किती झाला की लॉट परत जातो. चौथ्या मिनिटाला शकूनं मला थांबवलं.

"बस," अनिता म्हणाली आणि वडिलांकडे वळली. "बाबा, हे खरे आहेत. मी त्याला दोनदा विचारलं होतं हेच. दोन्ही वेळा म्हणाला, केमिकल." तिचा आवाज स्थिर होता, पण हातानं दाराची चौकट घट्ट धरलेली. "मला वाटलं, मला कळणार नाही म्हणून सांगत नसेल."

हिरामणभाऊ एकदम म्हातारे दिसायला लागले. खाली बघत म्हणाले, "वडखळ नाक्यावरची जागा इकतोय मी. सोमवारी. त्याला कंपनीत भागी घ्यायची व्हती."

रंगाऱ्यानं हात थांबवला. मला तोपर्यंत माझे अठरा हजार फार मोठे वाटत होते.

फोटो अनितानंच आणून दाखवला. साखरपुड्याचा. पेणच्या स्टुडिओत काढलेला, माझ्या खर्चानं. शालू नेसलेली अनिता, आणि शेजारी पनवेलला शिवलेल्या सुटात, टाय लावून, आमच्या कॅन्टीनमधला मिथुन. मी इतका वेळ बघत राहिलो की शकूला वाटलं मला चक्कर येतेय. मग माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. फॉर्म त्यानं भरला होता. सही चुकलीय, दुसरा फॉर्म करतो म्हणून तो पहिला घेऊन गेला होता, आणि दुसऱ्यावर माझी सही घ्यायला न येता एकदम कार्डच घेऊन आला होता; बँकेच्या दफ्तरातली सही त्याचीच होती. आईचं आडनाव त्यानं मला विचारलंच नव्हतं, तेही मनानंच लिहिलं होतं.

शुक्रवारी तो मंगळसूत्र घ्यायला अनिताला पेणच्या सराफाकडे नेणार होता. रंभाबाई म्हणाल्या, पोरीला आता त्याचं तोंडसुद्धा बघायला नको. अनिता म्हणाली, "मी जाणार. मी बरोबर असल्याशिवाय तो कार्ड बाहेर काढेल कसा?" शिवा हवालदारांना मी वडखळहूनच फोन केला. या वेळी हाताला काय लागलंय ते सांगायला मला काही शोधावं लागलं नाही.

शुक्रवारी मी आणि शकू सराफाच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून बसलो होतो. शिवा हवालदार आणि पेणचे दोघं साध्या कपड्यांत अंगठ्या बघत होते. ते अंगठ्या इतक्या बारकाईनं बघत होते की सराफ घाबरून गेला. मी तोंडासमोर वर्तमानपत्र धरलं होतं. शकू मात्र सराफानं समोर टाकलेल्या पाटल्यांत खरोखरच गुंतली होती आणि मजुरी किती, ते विचारत होती.

मिथुन आला. मागे अनिता, वडील बरोबर. त्याचं वागणं बघून मला कबूल करावं लागलं की साडीवाला खोटं बोलला नव्हता. काय अदब. त्यानं हिरामणभाऊंना आधी बसवलं, सराफाच्या आजारी आईची चौकशी केली. मंगळसूत्र पसंत केलं, भाव केला नाही. खिशातून कार्ड काढून दिलं. सराफानं मशीनमध्ये घालून खटकन ओढलं, पावती पुढे केली, आणि मिथुननं झोकात सही केली. म ला वळसा, त खाली दोन टिंबं.

शिवा हवालदारांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. मी वर्तमानपत्र खाली केलं आणि उभा राहिलो. काय बोलायचं ते मी तीन दिवस घोकून ठेवलं होतं. त्याची आणि माझी नजरानजर झाली. सवय माणसाला सोडत नाही. तो मान झुकवून म्हणाला, "नमस्कार साहेब. कार्ड कसं चाललंय?"

माझं घोकलेलं सगळं उडालं. "चांगलं चाललंय," मी म्हणालो.

अनितानं पर्समधून साखरपुड्याची अंगठी काढून काउंटरवर ठेवली. त्याच्याकडे बघितलंही नाही. सराफाला म्हणाली, "ही पण यांच्या सामानात धरा." मग वडिलांचा दंड धरून दुकानाबाहेर गेली. बाहेर गेल्यावर ती रडली, हे मला शकूनं नंतर सांगितलं. शकू तिच्यामागे गेली होती.

पुढचा उलगडा पोलिसांनी केला. माझं कार्ड हरवलं असं बँकेला माझ्या नावानं कळवून त्यानं दुसरं मागवलं होतं. म्हणजे आम्ही लॉकरमध्ये पाटल्यांखाली आणि नंतर तांदळात जपलेलं कार्ड केव्हाच मेलेलं होतं. बिलं तो पेणच्या खोलीवर मागवायचा, पण बँकेतल्या कुणीतरी एक बिल जुन्या पत्त्यावर पाठवलं, आणि तेवढ्यामुळे हे बाहेर पडलं. बँकेनं सगळी रक्कम माफ केली, मात्र त्याआधी मला मुंबईला बोलावून घेतलं, माझ्याकडून बारा वेळा सही करून घेतली आणि आईचं आडनाव विचारलं. मी म्हात्रे म्हणालो. त्यांनी ते लिहून घेतलं. मला उगाचच पास झाल्यासारखं वाटलं.

दीड वर्षानं हिरामण ठाकुरांकडून अनिताच्या लग्नाची पत्रिका आली. मुलगा अलिबागचा, तिच्यासारखाच मास्तर. पत्रिका द्यायला म्हातारा स्वतः रोह्याला आला होता आणि जाताना बजावून गेला, की तुमच्याशिवाय अक्षता पडायच्या नाहीत. शकूनं नवी साडी घेतली, रोख पैसे देऊन, अर्धा तास भाव करून.

मांडवात पोचलो तर हिरामणभाऊंनी मला हाताला धरून पहिल्या रांगेत नेलं. सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. लहान पोरं एकमेकांना ढोसून मला दाखवत होती, बायका पदराआड काही बोलत होत्या. आपण एका घरावरचं संकट टाळलं, त्याची लोकांना जाण आहे, असं वाटून मी जरा ताठ बसलो. अक्षता पडल्या. मग हिरामणभाऊ मला व्याह्यांकडे घेऊन गेले. माझ्या खांद्यावर हात टाकला आणि सगळ्या अलिबागकरांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले,

"हे महिपती घरत. आमच्या अनिताचा पैला साखरपुडा ह्यांच्याच नावानं झाला व्हता."

व्याह्यांनी हात जोडले. नव्या नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं, माझं टक्कल बघितलं, मग अनिताकडे बघितलं. अनिता मुंडावळ्यांच्या आत ओठ दाबून हसू आवरत होती. मी खुलासा करण्यासाठी तोंड उघडणार, तेवढ्यात शकू पुढे झाली आणि नवऱ्या मुलाला अगदी मायेनं म्हणाली,

"काळजी करू नका हो. मी यांना सोडलं नाही."